अक्रमभाईंची वारस नोंद

अक्रम फणसोपकरांचं एक म्हणणं होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या टेबलावरचा चहा कुणाला मिळत नसे. इंग्रजी शब्द म्हणजे बांगडा. डोकं उडवायचं, शेपूट उडवायची, मधे उरतं ते मराठीच असतं.

"आणा कुठलाही शब्द," ते म्हणत. "आजवर एक माझ्या हातून निसटलेला नाही."

निसटलेला नव्हता हे खरंच. पकडल्यावर त्याचं काय झालं, हा वेगळा विषय. दर्यानिधी फ्रोझन फूड्सच्या फाटकावर इंग्रजीत परक्यांना मज्जाव होता, त्याचं त्यांनी 'आगंतुकांवर खटला भरण्यात येईल' असं करून दिलं. तेव्हापासून मॅनेजर नाटेकर साहेबांचे सासरेसुद्धा डबा फाटकाबाहेरच ठेवून जात. कोर्टाची पायरी नको म्हणून.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ही कंपनी. मिरकरवाड्याच्या बंदरावरून कोळंबी यायची, इथे सोलली जायची, गोठवली जायची आणि जपानला जायची. अक्रमभाई तिथले प्रभारी कामगार अधिकारी. मूळचे टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून हजेरी घेणारे. आधीचे अधिकारी बहिणीच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेले, ते परत आलेच नाहीत. तेव्हा नाटेकर म्हणाले होते, "तोवर तुम्ही बघा जरा." त्या 'तोवर'ला यंदा सात वर्षं झाली होती. लग्न झालेल्या बहिणीची पोरं शाळेत जाऊ लागली असतील, पण अक्रमभाईंच्या नावामागचं 'प्रभारी' काही सुटलं नव्हतं.

सन २००१च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मुंबई ऑफिसातून फॅक्स आला. यापुढे 'कामगार विभाग' म्हणायचं नाही, 'मनुष्यबळ विकास विभाग' म्हणायचं. सोबत मनुष्यबळ व्यवस्थापनातल्या बत्तीस संज्ञा जोडल्या होत्या. त्यांचं मराठी करून सोमवारी बोर्डावर लावायचं. शुक्रवारी मुंबईहून नम्रता कारखानीस मॅडम येऊन कामगारांना त्या कितपत समजल्या ते स्वतः विचारून बघणार. आणि सगळ्यात खाली, फॅक्सच्या फिकट पडलेल्या शाईत: 'मनुष्यबळ अधिकारी हे पद कायमस्वरूपी भरावयाचे आहे. विद्यमान प्रभारी यांचा विचार या भेटीनंतर करण्यात येईल.'

नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. 'विचार करण्यात येईल' या वाक्याला विंचवासारखं पुढून काही नसतं, जे असतं ते मागे. विचार झाला तर कायम. नाही झाला तर मुंबईचा कुणी टायवाला येऊन खुर्चीत बसणार आणि अक्रमभाई पुन्हा हजेरीच्या खिडकीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यांची डावी पापणी तिथल्या तिथे उडायला लागली.

"पाहुणा येणार कुणीतरी," घरी त्यांच्या पत्नी मासूमाभाभी पापणी बघून म्हणाल्या.

"शुक्रवारी," अक्रमभाई म्हणाले.

रविवारभर बसून त्यांनी एकतीस शब्द मारले. माणसं नोकरी सोडून जाण्याच्या ॲट्रिशनचं झालं झीज. रिटेन्शनचं झालं धरून ठेवणे. ग्रीव्हन्सचं केलं गाऱ्हाणं, 'दर सोमवारी अकरा वाजता, खोली नंबर दोन'. बत्तिसावा शब्द मात्र घशात काटा अडकावा तसा अडकला. सक्सेशन प्लॅनिंग. महत्त्वाच्या प्रत्येक जागेवरचा माणूस उद्या नसला तर त्याच्यामागे कोण, हे आधीच ठरवून ठेवायचं. एवढं सगळं बोर्डावर कोण वाचणार? अक्रमभाईंनी दोन वेळा डोळे मिटले, तीन वेळा पेन चावलं आणि मग एका झटक्यात लिहून टाकलं: 'वारस नोंद. प्रत्येक विभागाने गुरुवारपर्यंत नावे द्यावीत.'

त्यांचा हिशेब असा, की रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला 'वारस' समजावून सांगावं लागत नाही. इथे पोर बोलायला लागतं तेव्हा पहिला शब्द आई, दुसरा बाबा आणि तिसरा सातबारा. हिशेब चोख होता. चूक एवढीच झाली, की तो शब्द समजायला हवा होता त्यापेक्षा फारच जास्त समजला.

सोमवारी अकरा वाजता खोली नंबर दोनमध्ये पॅकिंगची गोदा नारळ आणि विडा घेऊन हजर झाली. गाऱ्हाणं म्हटलं होतं ना, मग देवाला घालतात तसंच घालायला नको? अक्रमभाईंनी नारळ ठेवून घेतला आणि तिला वाटेला लावलं. हे शकुन म्हणून वाईट नाही, असंही त्यांना वाटून गेलं.

मंगळवारी जनी आली.

जनी ही कोळंबी सोलण्याच्या शेडातली मुकादमीण. अठरा वर्षांची नोकरी, सातवी पास, हाताखाली बेचाळीस बायका. टोपलीकडे नुसतं बघून किलोत कोळंब्या किती बसतील ते सांगायची आणि माणसाकडे नुसतं बघून तो किती वेळ खोटं बोलेल तेही. ती दारात उभी राहिली, हातमोजे काढून काखेत धरले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाई, कोण कोण मेलंय?"

"कुठे?"

"आपल्यात. बोर्डावर लागलंय ना, वारस नोंद."

"अगं, कुणी मेलं नाही जनीबाय."

"मग कोण मरायचाय?"

अक्रमभाईंची पापणी उडाली. जनीने ती पाहिली आणि तिला उत्तर मिळाल्यासारखं झालं.

"वारस नोंद माणूस गेल्याबिगर व्हत नाय," ती म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या वक्ताला मी सोता तलाठ्याकडं सात खेपा घातल्यात. आणि खाली परत 'झीज' लिवलंन कंपनीनं. शेडात बाया रडायला लागल्यात. कुणाकुणाला कमी करणार, तेवढं सांगा."

"कुणालाच नाही. हे बघ, हे जिवंतपणी करायचं आहे. समजा तू रिटायर झालीस. तुझ्या जागी कोण बसेल, ते आज ठरवून ठेवायचं. एवढंच."

"मी सांगायचं?"

"तूच सांगायचं."

"आणि कंपनी आयकंल?"

इथे अक्रमभाईंनी थांबायला हवं होतं. पण शेडात बायका रडताहेत, मॅडम शुक्रवारी येताहेत, आणि ही बाई दारातून हलत नाही. ते म्हणाले, "तसं समज."

या दोन शब्दांनी पुढचे तीन दिवस खाल्ले.

जनीच्या चेहऱ्यावरचं सुतक पुसलं गेलं. "म्हंजे जागा घरात राहील," ती म्हणाली आणि गेली. तिच्या पाठमोऱ्या चालीत काहीतरी होतं. अक्रमभाईंनी गोदाच्या नारळाकडे पाहिलं. मग तो कानाशी धरून हलवून पाहिला.

बुधवारी सकाळी ते कंपनीत आले तर त्यांच्या दारापासून सायकल स्टँडपर्यंत रांग. हातात रेशनकार्डं, शाळेचे दाखले, कुणाकडे शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडचा कागद सकाळी नऊलाच संपला होता. रांगेत सगळ्यात पुढे जनी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन सुना, काशी आणि मैना. दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या.

"थोरलीचा हक्क पहिला," काशी म्हणाली.

"हात कुणाचा चालतो ते बघा आधी," मैना भिंतीला म्हणाली. "तीन तासांत एक टोपली, आणि हक्क."

"जनीबाय, एकच नाव द्यायचं आहे," अक्रमभाई म्हणाले.

"दोन लिवा, निम्मं निम्मं," जनी म्हणाली. "मला घरी जेवायचं असतंय."

ते निस्तरतंय तोवर बॉयलरवरचा रामा आला. त्याच्यामागे संगमेश्वरहून सकाळच्या पहिल्या एसटीने आलेले दोन चुलतभाऊ. थोरल्याच्या हातात आखीव कागदावर काढलेली वंशावळ होती. चार पिढ्या, सतरा नावं, मयत माणसांपुढे फुली.

"ही कंपनी बसली ती जमीन आमच्या आजोबांची," थोरला म्हणाला. "सामाईक. बरोबर?"

"बरोबर," अक्रमभाई म्हणाले.

"जमीन दिली म्हणून कंपनीने घरटी एक नोकरी दिली. ती रामाला लागली. बरोबर?"

"बरोबर."

"मग जमीन सामाईक, तर नोकरी सामाईक नाही?"

अक्रमभाईंनी या बोलण्यात भोक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सापडेना.

"आमचं भांडण नाही," धाकटा समजुतीने म्हणाला. "वाटप करा. आजोबांची दोन मुलं, दोन पाती. सकाळची पाळी थोरल्या पातीला, दुपारची धाकट्या पातीला."

"आणि बॉयलर फुटला म्हंजे?" रामा म्हणाला. "तो कुणाच्या वाट्याचा?"

दुपारपर्यंत बोर्डावर, बत्तीस संज्ञांच्या शेजारी, एक कागद चिकटला होता: 'सदर वारस नोंदीस आमची हरकत आहे. सुनावणी झाल्याशिवाय नोंद मंजूर करू नये.' खाली दोन सह्या आणि एक अंगठा.

नाटेकर साहेबांनी तो कागद वाचला, अक्रमभाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं.

"हे काय चालवलंय? तलाठी कचेरी?"

"साहेब, शब्द जरा जास्त जवळचा लागला."

"शुक्रवारच्या आत निस्तरा. नाहीतर मॅडमना मी सांगणार, हे सगळं प्रभारींनी केलं." त्यांनी 'प्रभारी' असा काही उच्चारला, की जणू तो कुठल्यातरी साथीच्या रोगाचा पेशंट असावा.

संध्याकाळी अक्रमभाई घरच्या पडवीत बसले तेव्हा पापणीला सोबत म्हणून उजव्या पायाचा गुडघाही हलत होता. मासूमाभाभी बांगडे साफ करत होत्या. त्यांना सगळं ठाऊक झालेलं. मिरजोळ्यातली बातमी राजिवड्यातल्या घरी पोहोचायला रिक्षापेक्षा कमी वेळ लागतो.

"सगळ्यांचे वारस लिहिलेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागेला कोण?"

"माझी जागा माझीच नाही अजून. तिला वारस कुठून आणू?"

"म्हणजे तुम्ही कूळ."

"काय?"

"जागा दुसऱ्याची, कसता तुम्ही. सात वर्षांची वहिवाट आहे. कूळकायद्यानं लागेल की नावावर."

"मासूमा, कूळकायदा शेतीला असतो."

"तुमचं हे असंच," भाभींनी बांगड्याचं डोकं उडवलं. "प्रत्येक कायदा दुसऱ्याला."

गुरुवारी अक्रमभाईंनी शहाणपणा करायचं ठरवलं. म्हणजे आता काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सकाळी सातला, कुणी यायच्या आत, त्यांनी संज्ञांचा कागद काढला आणि 'वारस नोंद'च्या जागी 'उत्तराधिकारी नियोजन' असं लिहिलेला दुसरा कागद लावला. लांबलचक, सरकारी, कुणालाही न कळणारा शब्द. हा आधीच लिहायला हवा होता, असं म्हणत त्यांनी चहा मागवला.

साडेआठला शेड बंद पडलं.

आठशे किलो कोळंबी बर्फात, आणि बेचाळीस बायका टेबलांसमोर हाताची घडी घालून बसलेल्या. नाटेकर साहेब केबिनच्या काचेतून बघत होते आणि काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरत होतं. अक्रमभाई गमबूट चढवून पाण्यातून शेडात शिरले.

"नोंद फाडलाव," जनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"फाडली नाही. शब्द बदलला."

"एकदा लेखी दिलंन कंपनीनं, मग बदलायचं कसं?" तिने कमरेच्या पिशवीतून घडी काढली. सोमवारच्या कागदाची झेरॉक्स. तिच्यामागे आणखी चाळीसेक घड्या निघाल्या. "परवा जागा घरात राहील म्हणलाव. आज नाय म्हणताव. उद्या म्हणाल आमी पण नाय."

बर्फाचं पाणी गमबुटाशी वाहत होतं. घड्याळात पावणेनऊ. उद्या या वेळेला मॅडम फाटकात असतील, आणि शेडात वास सुटलेला असेल. त्या क्षणी त्यांना दुसरा बांगडा सुचला नाही. त्यांनी खिशातला, जागा आणि त्यांच्यामागच्या नावांचा तक्ता काढला, ओल्या टेबलावर टेकवला आणि पहिल्याच ओळीत, 'मनुष्यबळ अधिकारी (प्रभारी)' याच्यासमोरच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं: जनी.

"वाच," ते म्हणाले.

जनीने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तू माझी कोण? भाची? सून?"

"कोण नाय."

"तरी माझ्यामागे तुझं नाव. का? तर या शेडातल्या बेचाळीस जणींचं तुला जमतं, मला जमत नाही. एवढाच त्या शब्दाचा अर्थ. रक्ताचं काही नाही त्यात. काम जमेल त्याचं नाव. मला तो नीट लिहिता आला नाही, ही माझी चूक."

अक्रमभाईंनी मराठीबाबत चूक कबूल केल्याची ही पहिलीच वेळ. मागच्या टेबलांवरच्या बायका तक्ता बघायला उठून पुढे आल्या.

"शिक्का?" जनी म्हणाली.

अक्रमभाई पाण्यातून परत गेले, शिक्का घेऊन आले आणि मारला. जनीने तो सुकेपर्यंत वाट पाहिली, मग बायकांकडे वळली. "काय बगताव? हात चालवा. बरफ गेला." आणि थोड्या वेळाने, तक्ता परत देताना, "माज्या दोगी खोडा. सावित्री लिवा, तिसऱ्या टेबलाची. सुना घरी भांडतात तेवढं पुरे."

शुक्रवारी नम्रता मॅडम आल्या. तिशीतल्या, हातात चामडी फाइल, डोक्यावर शेडातली प्लास्टिकची टोपी. त्यांनी आधीच सांगून टाकलं की गोव्यापासून इथपर्यंत तीन कारखाने बघितले, एकाही ठिकाणी कुणाला एक संज्ञा सांगता आली नाही. अक्रमभाई त्यांच्या मागे दोन पावलांवर. पापणी, गुडघा आणि आता हातातली फाइलसुद्धा हलत होती.

"सक्सेशन प्लॅनिंग म्हणजे काय, सांगाल?" मॅडमनी जनीला विचारलं, आणि उत्तर येणार नाही हे धरून पुढच्या टेबलाकडे पाऊलही टाकलं.

"आपल्यामागं कोण, ते आपुन हाय तवरच ठरवायचं," जनी म्हणाली. "आदी मला वाटलं घरचं माणूस. पण घरचं माणूस बघितलं की काम दिसत नाय, नुस्तं तोंड दिसतंय. मग ही सावित्री. हात मैनापेक्षा हळू हाय तिचा, पण चिडत नाय. बेचाळीस बायांत चिडून चालत नाय. कालपासून अर्धा दिवस तिला उबी करतंय माज्या जागी. चुकली तर मी हाय अजून."

मॅडमचं पाऊल तिथेच राहिलं. त्यांनी फाइल उघडली आणि भराभरा लिहायला लागल्या. जनीने एकवार अक्रमभाईंकडे बघून घेतलं. आपण काही चुकीचं बोललो की काय, अशी शंका तिला आली असावी.

एवढ्यात फाटकाकडून आवाज आला. रामाचे चुलतभाऊ. या खेपेला सोबत वंशावळीची मोठी प्रत आणि एक मावसभाऊ, जो कोर्टात कारकून होता.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

अक्रमभाई हातातली फाइल उलटीसुलटी चाळायला लागले. नाटेकर साहेब दोन पावलं मागे सरकले, म्हणजे प्रभारी नीट दिसावेत. हातमोजे काढत जनीच पुढे झाली.

"बॉयलरचं लायसन कुणाच्या नावावर?" तिने थोरल्याला विचारलं.

"रामाच्या."

"लायसनला पाती असती?"

थोरल्याने कारकून मावसभावाकडे पाहिलं. मावसभावाने वंशावळीकडे.

"परीक्षा द्या, लायसन काढा, मग पाळीचं बोलू," जनी म्हणाली. "जमीन सामाईक असंल. वाफ सामाईक नसती. चा घेताव?"

त्यांनी चहा घेतला. बिचारे पहाटेपासून उपाशी होते. साडेअकराच्या एसटीने परत गेले.

दुपारी तीनला केबिनमध्ये मॅडम, नाटेकर साहेब आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले अक्रमभाई. मॅडमच्या पुढ्यात तो तक्ता, वर शिक्का, कोपऱ्याला कोळंबीचा डाग.

"फणसोपकर, मी सात वर्षं या क्षेत्रात आहे," मॅडम म्हणाल्या. "स्वतःच्या जागेसमोर स्वतःहून दुसऱ्याचं नाव लिहिणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळे ती चौकट रिकामी ठेवतात. भीती वाटते त्यांना."

"आम्हाला नाही वाटत," अक्रमभाई म्हणाले. हे वाक्य कुठून आलं त्यांनाही कळलं नाही.

"आम्ही तुम्हाला कायम करतो आहोत. मनुष्यबळ अधिकारी. सोमवारी ऑर्डर निघेल."

शनिवारपासून पहिल्यांदाच पापणी थांबली. अक्रमभाईंना एकदम मासूमा दिसली, तिचा चेहरा दिसला, सात वर्षांचं ते 'तोवर' धुऊन निघालेलं दिसलं.

"वेरावळला," मॅडम म्हणाल्या.

"वेरावळ म्हणजे गुजरातमधलं?"

"आपला सगळ्यात मोठा कारखाना. सहाशे कामगार, आणि हे सगळं तिथे कुणाला समजावता येत नाही. खरं तर आम्ही चांगली माणसं हलवूच शकत नाही, कारण त्यांच्यामागे कुणी तयार नसतं. तुमच्यामागे आहे."

"आणि इथे?"

"जनीबाई. तोवर प्रभारी म्हणून."

नाटेकर साहेबांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. अक्रमभाईंनी तो धरला, कारण काहीतरी धरणं भाग होतं.

पुढच्या शनिवारी ते खोली नंबर दोनमध्ये चार्ज द्यायला गेले. जनी धुतलेलं लुगडं नेसून, ताठ, खुर्चीच्या अगदी मधोमध बसली होती. चाव्या झाल्या, शिक्का झाला, रजिस्टरं झाली. अक्रमभाई निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "बसा भाई. मॅडमनी सांगतलंन, जाणाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची. फारम भरायचंय."

तो छापील फॉर्मही अक्रमभाईंनीच मराठीत करून दिलेला होता. ते समोरच्या स्टुलावर बसले.

"इथून का चाललाव? कारणं चार हायत. लग्न, आजारपण, दुसरी चांगली नोकरी, मयत."

"दुसरी चांगली नोकरी लिही."

जनीने पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. तिला खात्री करून घ्यायची सवय होती.

"पगार वाढला?"

"नाही. कायम झालो फक्त."

"घरचं माणूस येतंय संगती?"

"मासूमा म्हणते, तुम्ही जाऊन बघा आधी."

"तितली भाषा येती तुमाला?"

"शिकेन."

"मासळी तरी आपल्यासारखी मिळंल?"

"मिळते म्हणतात. पण तिथले पुष्कळ जण खात नाहीत."

जनीने पेनाचं टोक चारही कारणांवरून एकदा फिरवलं. मग तिने मान खाली घातली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "मी आजारपण लिवतंय, भाई. कुणाला सांगत नाय."